आधी तुम्ही होता

प्याला मार्थाबाईंच्या ओठांपर्यंत गेला होता आणि मी तो मागे घेतला. हे एक वाक्य लिहायचं मी आयुष्यभर टाळलं. आमच्या चर्चच्या मंडळीचा इतिहास मीच लिहून दिला, त्यातही टाळलं.

तेव्हा चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच मोठा प्याला असे. लोक वेदीपुढे ओळीने गुडघे टेकत. पाळकसाहेब भाकर देत, मागोमाग मी द्राक्षारस देई. एकाचं पिऊन झालं की काठ पांढऱ्या फडक्याने पुसायचा, प्याला जरा फिरवायचा, पुढच्याला द्यायचा. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी मी एक. मोठा मान होता.

मार्थाबाई येरवड्याच्या बंगल्यांमधले संडास साफ करायच्या. नुकताच बाप्तिस्मा झालेला. त्या दिवशी पहिल्यांदाच वेदीपुढे आल्या. शेजारी डॉक्टरीणबाई, जुन्या घराण्यातल्या. प्याला मार्थाबाईंच्या तोंडाशी गेला तशा डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो, आधी आम्हाला देऊन घ्या ना."

मी आधी त्यांना दिला. मग त्यांच्या यजमानांना, डॉक्टरांना. मग ओळ संपेपर्यंत सगळ्यांना. आणि मार्थाबाईंकडे परत आलो.

त्यांनी तोंड मिटून घेतलं. उठल्या.

"उरलेलं मी बंगल्यांतनं रोज नेते, दादा. इथं नको."

आणि निघून गेल्या. त्याच सकाळी रविवारच्या शाळेत मी मुलांना देवाच्या न्यायाचा धडा दिला होता. विधवा, परका, गरीब. घोकून घेतला होता.

पंचांच्या बैठकीत चर्चा झाली ती मार्थाबाईंनी प्रभूच्या मेजाचा अपमान केला याची. माझ्या हाताबद्दल कुणी बोललं नाही. मग मीच तोडगा काढला. प्रत्येकाला काचेचा छोटा प्याला द्यावा. आरोग्याच्या दृष्टीने. डॉक्टरांनी लगेच अनुमोदन दिलं. ऑर्गन वाजवणारे काका तेवढे कोपऱ्यातून म्हणाले, "छान. आता प्रभूच्या घरीही ज्याची त्याची कपबशी वेगळी."

सगळे हसले. मीही हसलो. ठराव झाला.

मार्थाबाईंना ठरावाचा निरोप द्यायला मी येरवड्याला गेलो. पत्र्याची खोली, आत लख्ख सारवलेलं. वाटेत ठरवलं होतं, माफी मागायची. त्यांनी चहा ठेवला. फळीवरचा चांगला कप काढला, पदराने त्याचा काठ पुसला, जरा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. अगदी मी वेदीपुढे धरायचो तसा.

मी म्हणालो, "नको, आत्ताच घेऊन आलोय."

घेतलेला नव्हता. माझे वडील नगरकडच्या गावातले. विहिरीला हात लावायची बंदी. धर्म बदलला, शिकले, मास्तर झाले. तरी त्यांच्या घरी चहा समोर आला की गावातली मोठी माणसं हेच म्हणायची. आत्ताच घेऊन आलोय. वडील तो चहा मोरीत ओतायचे. मी बघायचो. ते वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं, त्याच सुरात.

मार्थाबाईंनी कप मागे घेतला. "बरं. मग मीच पिते." घोट घेतला. छोट्या प्याल्यांचं ऐकून म्हणाल्या, "माझं उष्टं चुकवायला अख्खी मंडळी वेगळी केलीत होय? कमाल आहे तुमची."

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. विहीर, चहा, प्याला. जाग आली होती, पण मी उठलो नाही. "रविवारी या," एवढं म्हणून बाहेर पडलो.

त्या परत आल्या नाहीत. पुढे वारल्या. दफनाच्या वेळी चार शब्द बोलायला मलाच उभं केलं. "भगिनी मार्था विश्वासात दृढ होत्या," असं बोललो. माती लोटली आणि घरी आलो.

ते छोटे प्याले अजून आहेत. नवी मुलं त्यांना स्वच्छता समजतात. समजणारच, मीच तसं लिहून ठेवलंय.

येत्या प्रभुभोजनाला ट्रे माझ्यापुढे येईल. मी हात लावणार नाही. गुडघे साथ देत नाहीत, तरी उभा राहीन आणि हे प्याले कशासाठी आले ते सगळ्यांसमोर सांगेन. डॉक्टरांची नातवंडं असतील, माझीही असतील. खाली बसा म्हणतील. बसणार नाही. एकच प्याला परत येईपर्यंत मी त्या मेजाशी जाणार नाही.

आणि त्या पत्र्याच्या खोलीत जे बोलायला गेलो होतो, ते एवढंच होतं: मार्थाबाई, आधी तुम्ही होता. हात मी मागे घेतला. मला माफ करा. आणि तो चहा द्या.