एका नावाच्या दोघी

जीव देवाघरी निघतो तेव्हा सगळे इथेच ठेवून निघतो. शेत ठेवतो, भांडी ठेवतो, अंगातला सदरा ठेवतो. मागच्यांनी हाक मारली तर ओ देता यावी, एवढ्यासाठी आपले नाव तेवढे तो बरोबर नेतो. औशाच्या आदिनाथरावांची ही श्रद्धा होती, आणि आपल्या घरातून गेलेले एकही माणूस नावावाचून राहू नये, असा त्यांनी ध्यास घेतला होता.

आदिनाथराव जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात. हे वडिलांच्या पत्र्याच्या पेटीपाशी जाऊन बसले. पेटीत निजामाच्या काळातले उर्दू कागद होते, सातबारे होते, शाळेचे दाखले होते, घडीवर तुटलेले फोटो होते. उर्दू कागद त्यांनी गावातल्या एका वृद्ध मौलवीसाहेबांकडून वाचून घेतले. मग माणसागणिक एक पाकीट केले. पाकिटावर नाव, नावाखाली आईबापाचे नाव. दोन पुरावे जुळेपर्यंत पेन्सिलीने लिहायचे, जुळले की पेनाने. हा त्यांचा नेम, आणि नेम ते देवपूजेसारखा पाळीत.

पत्नी उज्वलाबाई चहाचा कप ठेवताना म्हणायच्या, "जित्या मानसाचा फोन उचलाय येळ न्हाई, अन् मेलेल्यांची हजेरी घ्यायलाव रोज!"

"अगं, त्यांना फोन करता येत न्हाई, म्हनून आपुन जायाचं त्यांच्याकडं."

"मंग त्यांनाच म्हना, च्या करा."

कागद संपले तेव्हा आदिनाथराव देव्हाऱ्याकडे वळले. घराचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या लहान प्रतिमा, त्यांनी एकेक करून ताम्हणात मांडले, फोटो काढले, यादी केली. खंडोबा, तुळजाभवानी, भैरोबा. एक टाक मात्र ओळखू येईना. बाईची आकृती, चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, वर दोरा ओवण्याजोगी कडी. त्यांनी पेन्सिलीने लिहिले : "देवी. नाव माहीत नाही."

मोठ्या कागदावर वंशवेल उतरली. भाद्रपद लागला होता. घरातली सर्वांत जुनी खूण म्हणजे बिलोलीला दिलेली थोरली आत्या, तुळजाबाई. तिच्या डोळ्यांखालून वेल गेली की काम पुरे झाले, अशा समाधानाने आदिनाथराव बिलोलीच्या गाडीत बसले.

आत्या ओसरीवर अंबाडी निवडत होती. आदिनाथरावांनी कागद पसरला आणि वाचायला सुरुवात केली. "हे आजोबा, सटवाजी. ही आजी, रुक्मिणबाई. त्यांची लेकरं चार. थोरली तू, मग माझे वडील, मग दोघं काका."

आत्याचा हात थांबला. "मी कोन्त्या रुक्मिनीची?"

"कोन्त्या म्हंजे? रुक्मिन एकच हाय. शेताचा कागद हाय, दादांचा शाळेचा दाखला हाय. दोन पुरावे जुळलेत, आत्या."

"तुझे पुरावे जुळले लेकरा, बाया दोन व्हत्या."

आदिनाथरावांना वाटले, म्हातारीला वयाने घेरले. विषय बदलावा म्हणून त्यांनी फोनवर देव्हाऱ्याचे फोटो दाखवले. "हा खंडोबा. ही भवानी. ही एक देवी हाय, वळखू येत न्हाई."

आत्याने फोन हातातून घेतला आणि कपाळाला लावला. कितीतरी वेळ तिने तो खाली घेतलाच नाही.

"आदिनाथा, ती देवी न्हाई रे. ती माझी माय हाय."

मग तिने सांगितले. ती अंगावर पीत असतानाच तिची आई गेली. सटवाजींनी दुसरे लग्न केले. पहिलीचा जीव घरात घुटमळू नये, नव्या संसारावर तिने रुसू नये, म्हणून घराच्या रीतीप्रमाणे पहिलीचा टाक घडवून दुसरीच्या गळ्यात बांधला, आणि नाव ठेवताना पहिलीचेच नाव दुसरीला दिले. रुक्मिण गेली, रुक्मिण आली. कागदाला कळलेसुद्धा नाही. दुसरी जन्मभर सवत गळ्यात घालून राबली. ती गेल्यावर दोरा सुटला आणि टाक देव्हाऱ्यात जाऊन बसला.

आदिनाथराव खाली मान घालून ऐकत राहिले. कडी त्यांनी पाहिली होती, यादीत लिहिलीही होती. देवाला कोणी दोऱ्यात ओवून गळ्यात घालील कशाला, एवढे मनात आले नव्हते.

"दोघीबी अहेव गेल्या," आत्या म्हणाली. "दोघींचं पान अविधवा नवमीलाच. लेकीनं मायचं पान वाढायची रीत न्हाई म्हनतेत, पर मी दरसाल सवाष्ण जेवू घालते. रुक्मिन म्हनून हाक मारते अन् मनात येतं, कोन आलं असंल? एका नावाच्या दोघी. माझ्या मायला म्हायेरी दुसरं नाव व्हतं. लगनात बदललं. ते मला कुनी सांगितलं न्हाई. यंदा एकदा तरी तिला तिच्या नावानं बोलवू दे. फुडल्या नवमीला मी असंल का नसंल."

"माहेर कुठलं तिचं?"

"इस्लापूर. दुसरीचं म्हायेर तेच माझं आजोळ झालं, अन् तिकडची वाट मोडली."

दुसऱ्याच दिवशी आदिनाथरावांनी जीप ठरवली. ते एकटेच निघाले होते. आत्या आधीच लुगडे बदलून जीपमध्ये बसलेली. "माझी माय हाय, तुझी न्हाई," एवढेच ती म्हणाली.

आडनाव ठाऊक होते, म्हणून घर सापडले. आत्याचा मामेभाऊ वारला होता. त्याचा मुलगा बालाजी घरी होता. आदिनाथरावांनी कागद काढले, प्रश्न काढले. बालाजीने चुलत्यांना बोलावले. तीन पिढ्यांची नावे निघाली, सगळी पुरुषांची. सटवाजीला दिलेली मुलगी? होती म्हणतात, गेली म्हणतात. नाव कोणाला आठवेना. बैठकीतला एकेक जण मान हलवून उठला. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने हळूच चप्पल पायात सरकवली.

तेवढ्यात बालाजीची आई, नीलाबाई, हाताचे पीठ झटकत बाहेर आली.

"निघालाव व्हय नणंदबाई? इतक्या वर्सांनी आलाव, अन् वटी न घेताच?"

"वटी कशाला, वैनी? मायचं नाव घ्याया आले व्हते. ते काय गावलं न्हाई."

"प्रयागवन्संचं?"

बैठकीतले सगळे तिच्याकडे वळले.

"तुला कसं म्हाईत, माय?" बालाजी म्हणाला.

"तुमी बाप्ये कागदं हुडकून राहिले बाहीर. चुलीपाशी कुनी इचारलं का?" नीलाबाईने दारातल्या लिंबाकडे हात केला. फांदीला पंचमीच्या झोक्याचा दोर अजून लोंबत होता. "माझी सासू तिची भावजय. पंचमीला समद्या लेकी म्हायेरी येतेत. ही येनार कुठून? मंग सासू पयला झोका रिकामाच द्यायची. म्हनायची, बसा प्रयागवन्सं. सासू गेली, आता मी देते. यंदाबी देला."

आत्या उठली. लिंबाखाली गेली. दोर दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि तान्हेपणी राहून गेलेली हाक इतक्या वर्षांनी ओठांवर आली, "प्रयाग. प्रयाग माय." नीलाबाईने मागून येऊन तिची ओटी भरली. मायबाप, देव मंदिरात भेटतो यात शंका नाही. पण त्या दुपारी तो कोणाच्या हाताला चिकटलेल्या पिठात होता, हे आदिनाथरावांनी डोळ्यांनी पाहिले.

परतताना त्यांनी जीपमध्येच पहिल्या रुक्मिणबाईसाठी नवे पाकीट काढले आणि त्यावर लिहिले : प्रयाग. पेनाने लिहिले, पुरावा एकच होता.

आत्या खिडकीबाहेर बघत होती. एकाएकी म्हणाली, "अन् दुसरीचं?"

आदिनाथरावांचे पेन थांबले. दुसरी रुक्मिण म्हणजे त्यांच्या वडिलांची आई, त्यांची सख्खी आजी. तिच्या मांडीवर ते वाढले होते. तिलाही माहेरी कुठले तरी नाव असणार, हे आजवर मनात आले नव्हते.

"तुला ठाव असंल, आत्या."

"न्हाई रे." आत्या वळून म्हणाली. "म्हायेरी समदे तिला अक्काच म्हनायचे, अन् आता तिथं कुनी उरलं न्हाई. माझ्या केसाला तिनं तेल लावलं. सासरी जाताना माझ्यापरीस तीच जास्ती रडली. गेलेल्या मायचं नाव मी जलमभर हुडकलं, अन् जिनं वाढवलं तिला तिचं नाव एकदाबी इचारलं न्हाई. गळ्यात माझी माय बांधून हिंडायची ती. मी टाकाकडंच बघत ऱ्हायले."

नवमी आली. आदिनाथराव आणि उज्वलाबाई टाक घेऊन बिलोलीला गेले. यंदा आत्याने दोन सवाष्णी सांगितल्या होत्या, दोन पाने मांडली होती. दोन्ही पाने सारखी वाढली. पुरणावर तूपही तिने दोन्हीकडे सारखेच ओतले. पहिल्या पानापाशी टाक ठेवून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "प्रयाग, जेवाया ये."

मग दुसऱ्या पानासमोर बसली. रुक्मिण हे नाव जिभेवर आले असेल, तिने ते उच्चारले नाही. पदर सावरला, हात जोडले, आणि तेल लावून घेताना लहानपणी मारायची, ज्या हाकेला घरात दुसरी कोणीही ओ देणारी नव्हती, ती हाक मारली.

"आई."