रुसलेला जिना आणि बटणकाका

बटणकाकांच्या दुकानात बटणं, सुया, दोरे आणि नाड्या मिळत. जादू मिळत नसे; तशी पाटीच त्यांनी दारावर लावली होती. पण आत्याकडून दुकान आलं तशी तिची जादूही आली, हे गल्लीला ठाऊक होतं.

त्या शहरात वस्तूंना मन होतं. दारं फुगून बसत, नळ हट्ट करीत, आणि त्यांची समजूत काढणं हेच जादूगाराचं काम. काकांनी ते एकदाच केलं होतं. कोपऱ्यावरचा दिवा पेटेना. "तुझ्यासारखा तूच, चंद्रानं तोंड लपवावं," असं काय काय काका बोलले. दिवा पेटला, फुलला आणि खांब सोडून थेट वर गेला. अजून तिथेच लुकलुकत होता. लोक हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, काकांनी आभाळात चढवला! तेव्हापासून गिऱ्हाइकाला शर्ट शोभतो म्हणायचीही त्यांना धास्ती वाटे.

त्या दुपारी दुकानावरच्या माडीवरची शिंपीणबाई धापा टाकत आली. "काका, जिना गेला!"

"कुठे?"

"चौकात, कारंज्यापाशी जाऊन बसलाय. सासूबाई तापानं फणफणल्यात. डॉक्टरांना आणायला गेले, त्यांना घेऊन परत येते तो जिना गायब! शिडी आणली, तर ती त्याची मावसबहीण निघाली. आडवी पडलीय, उठायला तयार नाही."

"अगं, मी बटणं विकतो."

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "दिवा घालवलात, आता जिना तरी परत आणा."

"आणि तोही वर गेला तर?"

"तर बघू! म्हातारी वर एकटी आहे. निघा."

चौकात जिना पायऱ्या आवळून बसला होता. लोक मधाचं बोट लावून थकले होते.

"याला कुणी काही बोललं का?" काकांनी विचारलं.

शिंपीणबाईनं मान खाली घातली. "काल सुताराला म्हटलं, तिसरी पायरी करकरते, बदलून टाका. जिन्यासमोरच म्हटलं हो."

काकांच्या जिभेवर स्तुती आली होती. ती त्यांनी गिळली आणि ते खालच्या पायरीवर टेकले.

"करकरतोस, हे खरंच आहे," ते जिन्याला म्हणाले. "माझ्या दुकानाच्या भिंतीशीच आहेस, रोज ऐकतो. पण म्हातारीला दिसत नाही. तुझी करकर ऐकली की ती विचारते, 'आलीस का गं?' आता सून आली तरी तिला कळायचं कसं? एवढंच सांगायचं होतं."

जिन्यानं आवळलेल्या पायऱ्या सैल सोडल्या. मग ताडकन उठला आणि खडखडत निघाला. काका अजून पायरीवरच होते! कठडा धरून ते घरापर्यंत आले.

शिंपीणबाई पुढे, डॉक्टर मागे. तिसरी पायरी करकरली.

"आलीस का गं?" वरून बारीक आवाज आला.

"आले, आई!"

संध्याकाळी ताप उतरल्याचा निरोप आला. दुकान बंद करताना काकांनी वर पाहिलं.

"काच काळी झालीय तुझी," ते हळूच म्हणाले. "खाली आलास तर पुसून देईन."

दिवा हातभर खाली सरकला.

काका स्टूल आणायला वळले, तर काकू फडकं घेऊन दारातच उभ्या होत्या.