तिसरं बटण

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, एका साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत. साप्ताहिक टवाळीचं होतं आणि टवाळी विकायला कधी अडचण येत नाही, म्हणून ते चालत होतं. तिथंच मी पानं लावायचं काम करत होते. त्यामुळे या माणसाला मी घरी बनियनवर पाहिलंय आणि कचेरीत शाईनं बरबटलेलं पाहिलंय, आणि दोन्हीकडे ते सारखेच चिडके होते.

भावजींनी जन्मभर एकाच पुढाऱ्याचं गिऱ्हाईक केलं. फुगलेलं पोट, अंगावर घट्ट बसलेला कोट आणि त्या कोटाचं तिसरं बटण, एका दोऱ्यावर लटकलेलं. लोक त्या पुढाऱ्याला बटणसाहेबच म्हणू लागले. बटण आता तुटेल, मग तुटेल, असं वाटायचं आणि बटणसाहेब पुन्हा निवडून यायचे.

आमचा अंक निकालाच्या दिवशी संध्याकाळी छापायला जाई. आयत्या वेळी चित्र होत नाही, म्हणून निवडणुकीच्या आधीच दोन चित्रं तयार ठेवायची रीत होती. साहेब जिंकले तर एक, हरले तर दुसरं. कचेरीत त्यांना हसरं आणि रडकं म्हणत. दर वेळी हसरं छापलं जाई आणि रडकं संपादकांच्या खणात जाई. गंमत म्हणजे हसरं भावजी एका बैठकीत उरकायचे आणि रडक्यावर महिनामहिना घालवायचे. बटण तुटून नेमकं कसं उडतं हे बघायला ते स्वतःच्या शर्टाची बटणं ओढून तोडत. ताई ती परत शिवून देई. दुसऱ्याच्या पराभवावर एवढा जीव टाकणारा नवरा आपण पाहिला नाही, असं ती म्हणायची, आणि हे काही कौतुकानं नव्हे.

शेवटच्या निवडणुकीच्या वेळी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. निवृत्ती महिन्यावर आली होती. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यांनी ते रडकं पुरं केलं. बटण उडालंय, कोट उघडा पडलाय, आतलं बनियन फाटकं. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही, नुसतं आश्चर्य, की हे माझ्या बाबतीत झालंच कसं. मी इतकी वर्षं व्यंगचित्रं लावली, पण असं दुसरं पाहिलं नाही.

"एवढं एक छापून येऊ दे," भावजी मला म्हणाले, "मग मी खुशाल पेन खाली ठेवतो."

आणि बटणसाहेब हरले. चांगले सणकून हरले. भावजी नाचले वगैरे नाहीत. त्यांनी हात धुतले आणि माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. मी रडक्याला अख्खं पान दिलं. पान खाली छपाईला जायचं एवढंच बाकी होतं, तेवढ्यात संपादक आले. जिंकलेल्या पक्षानं बटणसाहेबांना तासाभरापूर्वी आपल्यात घेतलं होतं आणि एका मोठ्या महामंडळाचं अध्यक्ष केलं होतं. गाडी, बंगला, सगळं पहिल्यापेक्षा मोठं. उद्या सगळ्या वर्तमानपत्रांत हारातला फोटो येणार आणि आपल्याकडे फाटकं बनियन, लोक आपल्यालाच हसतील, असं त्यांचं म्हणणं. नवीन काहीतरी झटकन काढा, म्हणाले. भावजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. संपादकांनीही पाहिलं. मग त्यांनी यंदाचं हसरं माझ्या टेबलावर ठेवलं.

"तो हरलाय," भावजी म्हणाले.

"दुपारी हरला होता," संपादक म्हणाले.

मी संपादकांवर तोंड सोडलं. काही उपयोग झाला नाही. हसरं छापलं गेलं.

भावजींच्या शेवटच्या दिवशी निरोप द्यायला खुद्द बटणसाहेब कचेरीत आले. माणूस दिलखुलास होता, याचाच तर मला संताप. आजवरची सगळी हसरी त्यांनी मागून नेली होती आणि आपल्या दिवाणखान्यात लावली होती. संपादकांना उत्साह आला आणि त्यांनी खणातून ते रडकं काढून साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी चित्र खिडकीपाशी धरलं आणि ते हसायला लागले. इतके हसले, की त्यांना माझ्या स्टुलावर बसावं लागलं.

"हरल्यावर मी इतका देखणा दिसतो हे माहीत असतं, तर केव्हाच हरलो असतो," ते डोळे पुसत म्हणाले. आणि तेही त्यांनी मागितलं.

मला वाटलं, आता तरी भावजी नाही म्हणतील. त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं, डाव्या हातानं मनगट धरलं, खाली सही केली आणि देऊन टाकलं.

घरी येताना मी रस्ताभर त्यांना बोल लावले. जन्मभराची कमाई त्याच्याच भिंतीवर टांगायला दिलीत, जराही लाज कशी वाटली नाही, काय काय बोलले. जिन्यापाशी आल्यावर ते थांबले.

"ते चित्र तू पाहिलंस, तुझ्या ताईनं पाहिलं, संपादकांनी पाहिलं," ते म्हणाले. "हसलं कोण? तो एकटा हसला."

आणि कठड्याला धरून जिना चढायला लागले.