कोंड्याचं औषध

मायचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्यात पीएच.डी. करत होते. छातीतली गाठ काढली होती, पुढं औरंगाबादला जाऊन केमोचे सहा डोस घ्यायचे होते. दोन झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, आमच्या गावी, वडीगोद्रीला, एसटीनं परत येईस्तोवर उलट्यांनी ती बेजार व्हायची. मी आठ दिवसांची सुट्टी काढून घरी गेल्ते, आणि तिथं माझं शहाणपण पाजळलं.

ती गव्हाचं पीठ चाळत होती. म्हणाली, "चार वर्षं झाली, तू तिथं काय करून राह्यली गं? शेजारीण इचारती, मला सांगता येत न्हाई."

तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. मग काय, मला जोर चढला. सांगितलं, की पेशीची वेळ आली की तिनं आपणहून मरायचं असतं, तशी सोय तिच्यातच असते. कॅन्सरची पेशी तेवढं करत नाही.

"म्हंजे मरायचं इसरली," माय म्हणाली.

मी हरखलेच. मग इनॉसिटॉल फॉस्फेट सांगायला घेतले. साखरेसारखा बारका रेणू, त्याला सहा जागा, किती जागांवर फॉस्फेट चिकटलं त्यावर पेशीला वेगवेगळे निरोप जातात, त्यात मरायचाही एक. सहाही जागा भरलेला प्रकार धान्याच्या कोंड्यात असतो. "हा तुझ्या चाळणीत राह्यलाय ना, ह्याच्यात. काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशींवर तो भरपूर घातला की त्या मरतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

माय चाळणीकडं बघत राहिली. काचेची ताटली मी म्हणाले होते, हे खरं. पण ताटली एकदाच म्हणाले, आणि कोंडा चार वेळा.

पुण्याहून मी शेजारच्या दुकानात फोन करायचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, यायचे आणि म्हणायचे, "समदं बराबर चालू हाय. औषध बिलकुल टायमावर घेती." मला हायसं वाटायचं. कोणतं औषध, हे मी एकदाही विचारलं नाही.

चार महिन्यांनी दिवाळीला आले तर माय ओळखू येईना. ओठ पांढरे पडलेले, उठताना भिंत धरायची. डोक्यावर मात्र बोटभर केस आले होते. डोस चालू असते तर केस आलेच नसते.

"तिसऱ्या डोसाला गेलोच न्हाई," अप्पा सांगू लागले, तेही कौतुकानं. "घरच्या लेकीनं औषध शोधलं, मंग ते जहर कशाला घ्यायचं? दोन वक्ताला वाटीभर कोंडा खाती."

मी सांगत सुटले, की ताटली वेगळी, माणसाचं पोट वेगळं. गिळलेला कोंडा गाठीवर असा काम करत नाही. उलट जेवणातलं लोह धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग तवा खोटं बोल्ली का?"

"न्हाई अप्पा. खरंच बोलले."

खोटं बोलले असते तर परवडलं असतं, माफी तरी मागता आली असती. त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर माय मुकाट औरंगाबादला गेली असती. तिला मी मारलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन औरंगाबाद गाठलं. यकृतापर्यंत पसरलं होतं. मधले डोस का चुकवले, असं डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी कशावर काम करते हे मी त्यांना सांगितलं नाही. आता डोस झेपणार नाहीत, घरी न्या, म्हणाले.

एसटीत मायनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. किती दिवस राहिले असं विचारेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

"तुझं औषध चांगलंच हाय," ती म्हणाली. "मीच चुकले. एकादशीला धान्य कसं खावं? दर एकादशीला नागा केला अन् कुणाला सांगितलं न्हाई."

"माय, तसं नसतं गं."

"ऐक माझं. तुझ्या सरांना ह्यातलं काही सांगू नको. माझ्यामुळं तुझं औषध खोटं ठरंल, अन् तुझी डिग्री अडकंल."