सशाच्या खिशातली खीळ

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खोली दिसते. खिडकीखाली ओरखडलेलं टेबल, त्यावर कानस, हातोडी आणि ड्रिल. भिंतीलगत भंगारातल्या गाड्यांमधून काढलेल्या वायपरच्या मोटारींचा ढीग. स्टुलावर माझा जुना सहकारी बसलाय, चष्मा कपाळावर. एक चाक कानाशी धरून हलवतोय, कुठे खडखडतंय का ते ऐकतोय.

सगळे त्याला ससा म्हणत. आमच्या नाटक कंपनीत तो दिवे सांभाळायचा. डोक्यावर टांगलेला प्रत्येक दिवा शिडीवर चढून ओढून बघायचा, खाली उतरायचा आणि शंका आली की परत चढायचा. बाकीचे हसायचे. मी मात्र राणी होऊन त्या दिव्यांखाली निर्धास्त उभी राहायचे, ती त्याच्या भीतीच्या भरवशावर.

कंपनी मोडल्यावर त्याने हा उद्योग धरला. हौसेने रोबो बनवणारी मंडळी मोटारींना चाकं बसवून घ्यायला त्याच्याकडे येत. वायपरची मोटार ताकदीची, पण दोन बाजूंच्या मोटारी एकमेकींकडे पाठ करून बसतात. एक सुलटी फिरली की दुसरीला उलटं फिरावं लागतं, आणि उलट्या बाजूच्या चाकाचा नट फिरता फिरता सैल होतो. म्हणून ससा नटावर कधी विसंबला नाही. चाक आणि मोटारीचा दांडा, दोन्हींतून आरपार भोक पाडून तो पोलादी खीळ ठोकायचा. काढलेली खीळ सदऱ्याच्या खिशात ठेवायची आणि खिसा रिकामा झाल्याशिवाय कामावरून उठायचं नाही, हा त्याचा नेम.

मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. तिला एकच हवं होतं, कुणाचा हात न धरता दाराबाहेर जायचं. पण दारापुढे उतरण होती आणि उतरणीच्या पायथ्याशी ट्रकचा रस्ता. खुर्चीखाली दोन मोटारी लावून द्यायचं ससा कबूल करून बसला, आणि मग ती गाडी काही पुरी होईना. आज हे तपास, उद्या ते.

"सशा, तुझ्या भीतीलाच चाकं लावली असतीस," अक्का त्याला म्हणाली, "तर एव्हाना मी गावभर हिंडून आले असते."

अखेर गाडी झाली. या मोटारीचा एक मोठा गुण, वीज तोडली की ती जागच्या जागी आवळून बसते, उतरणीवरही चाकाला हलू देत नाही. फक्त चाक दांड्याला पक्कं हवं.

मी त्याच्याच वरच्या मजल्यावर राहायचे. त्या दुपारी माझा पंखा बंद पडला. मी जिन्यातून हाक मारली, तसा हातातलं तिथेच ठेवून तो वर आला. पंखा सुरू झाला. सदऱ्याला हात पुसता पुसता त्याची बोटं खिशावर थबकली. खिशातून खीळ निघाली. डाव्या चाकाची. जाड बसवू म्हणून त्याने ती काढली होती.

"अक्का झोपलीय," तो स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला.

तेवढ्यात खालून मोटारींची घरघर ऐकू आली.

त्याला पळताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. कठडा धरत मी मागे. डावं चाक नुसत्या नटावर तग धरून होतं, गाडी निम्म्या उतरणीवर पोचली होती. आमच्या पावलांचा आवाज ऐकून अक्काने गाडी चालवायचं बटण सोडलं, वीज तुटली. उजवं चाक आवळून बसलं. डाव्याचा नट मात्र सुटला, ते दांड्यावर मोकळंच फिरू लागलं आणि खुर्ची उजव्या चाकाभोवती गर्रकन वळून कलली. खालून एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला. अक्काने खुर्चीचे हात गच्च धरले.

सशाने धावत जाऊन त्या चाकाखाली स्वतःचं पाऊल घातलं.

गाडी थांबली. पाऊल तसंच अडकलेलं ठेवून, त्याने आधी भोकात खीळ बसवली आणि मगच पाय ओढून घेतला. अक्काने एकही टोमणा मारला नाही. आत ने, एवढंच ती हळूच म्हणाली. मला वाटलं, आता ही गाडी उद्या मोडीत निघणार. पण रस्ता बघायला निघालीस ना, तर बघून घे, असं म्हणून तो खुर्चीची पाठ धरून, लंगडत तिच्याबरोबर खाली गेला. दोघं बराच वेळ ट्रक बघत तिथेच थांबली.

त्या दिवसानंतर तो रोज त्या चाकांपुढे वाकायचा. पुढे त्याचं हृदय थकलं. स्ट्रेचरवरून त्याला नेताना अक्का त्याच गाडीवर दारापर्यंत आली, कुणाचा हात न धरता. त्याचा श्वास अडकत होता, तरी हात छातीवर काहीतरी शोधत होता. मी वाकले.

"बाई, माझा खिसा बघा," तो म्हणाला. "रिकामा आहे ना?"