कानआत्तेचा जादा नारळ

माणूस भेटला की आमची आत्ते आधी त्याच्या कानाकडे बघे आणि मग तोंडाकडे. म्हणून सगळी वाडी तिला कानआत्ते म्हणायची. आमच्या घराण्यात कान जिथे गालाला मिळतो, तिथे टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक भोक असतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना होतं, मला आहे. घरात मूल जन्मलं की बाळंतिणीची विचारपूस राहिली बाजूला, आत्ते बाळाचं टोपडं सरकवून जाहीर करायची, "आमचाच हाय गो!" जणू दुसऱ्या कुणाचं असण्याचाही संभव होता! सुनांना याचा भयंकर राग यायचा.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ, माझा दत्तूकाका, मालवाहू बोटीवर खलाशी होता. विशाखापट्टणमच्या बंदरात उतरला, तो पुन्हा बोटीवर चढलाच नाही, एवढंच घरी कळलं. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्तेनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. तो गेला असं ती मानायलाच तयार नव्हती. पितृपक्षात नानांनी त्याचं पान वाढायची नुसती गोष्ट काढली तरी ती चुलीपुढून उठून जायची. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणायला गेली की हिचं लक्ष लिलावाकडे कुठलं! परमुलखातल्या खलाशांचे कान बघत फिरायची. एकदा तर एकाचा कान धरलाच. तो बिचारा ओरडला, तर म्हणते, "वरडतोस काय मेल्या? खाऊन टाकतेय काय तुजा कान?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. शिमग्याआधीच्या एका शनिवारी दुपारी घरी आले, तर अंगणात भावकी जमलेली आणि मधोमध तिशीचा एक सावळा माणूस अंग चोरून बसलेला. नाव सुरेश. थेट विशाखापट्टणमहून आला होता आणि मराठी अडखळत बोलत होता. वडील दत्ताराम, गेल्या वर्षी वारले, जाताना या वाडीचं नाव सांगून गेले, एवढीच त्याची कहाणी. आता दत्ताराम तर आमच्याकडे घरटी एक! हा कलमांच्या बागेत वाटा मागायला आलेला भामटा आहे, यावर भावकीचं कधी नव्हे ते एकमत झालं होतं. नाना म्हणाले, "आक्का, आता तूच बग."

आत्ते त्याच्यासमोर जाऊन बसली. कानाला हात लावायच्या आधी तिनं विचारलं, "माजं नाव काडायचा काय रे तो कदी?"

सुरेश खाली मान घालून म्हणाला, "नाही. घरचं काहीच बोलत नव्हते."

मग तिनं त्याचे दोन्ही कान सावकाश पाहिले. मी तिच्या पाठीशीच उभी होते. भोक नव्हतं. एकाही कानाला नव्हतं.

"आमचाच हाय," आत्ते म्हणाली. उठली, आणि तडक विहिरीवर जाऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. भाऊ गेल्याची आंघोळ. इतकी वर्षं टाळलेली. कानाच्या बाबतीत तिच्यापुढे कोण बोलणार? भावकी उठून गेली.

संध्याकाळी मी तिला गाठलं. "आत्ते, भोक नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

"लबाड असता तर म्हनला असता, बाबा रोज तुजं नाव काडायचे. ह्यो नाय म्हनला." मग ती पुटपुटली, "आनि मी तरी आता किती कान बगू गो?"

त्या शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरी आली, तेव्हा आत्तेनं नेहमीच्या नारळाशेजारी आणखी एक ठेवला. नारळ कशाचा ते देवाला मोठ्यानं सांगायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, म्हणून हा कशाबद्दल, असं गुरवानं विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊंदे. त्येचं गाऱ्हाणं घालू नको." मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "भावकीसमोर खोटं बोलले ना, त्येचा हाय."

पुढे दरवर्षी तो जादा नारळ निघत राहिला. सुरेशही दर शिमग्याला येत राहिला. वाटा त्यानं कधीच मागितला नाही. आत्तेच्या हातची तांदळाची भाकरी आणि तिच्या शिव्या, दोन्ही त्याला मनापासून आवडायच्या. आत्ते गेली तेव्हा त्यानं घरच्या मुलासारखं सुतक पाळलं.

अलीकडे सुरेशच्या मुलीनं ते डीएनए तपासायचं खूळ काढलं. नळीत थुंकायचं आणि कुरिअरनं पाठवून द्यायचं. मी पुष्कळ दिवस टाळलं. चांगलं चाललेलं नातं त्या नळीत बुडालं तर काय करायचं? शेवटी पोरीच्या हट्टापुढे सुरेश आणि मी, दोघे म्हातारे थुंकलो. उत्तर आलं: आम्ही सख्खी चुलत भावंडं. ते भोक घराण्यातल्या प्रत्येकाच्या कानाला असतंच असं नाही, हेही त्या पोरीनंच मला समजावलं. मी खूप रडले. भाऊ सापडल्याचं सुख आत्तेनं शेवटपर्यंत चोरीच्या मालासारखं भोगलं, आणि ते तर तिच्या हक्काचं होतं.

यंदा पालखी आली, तेव्हा मीही दोन नारळ ठेवले. आता त्या गुरवाचा मुलगा गाऱ्हाणं घालतो. त्यानं विचारलं, "बाय, दुसरा कशाचा?"

"आत्तेचा. देवाला सांग, आमची आत्ते खोटं बोलली नव्हती."

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या घरची आत्ते जी काय होती, ती खोटं बोलली नव्हती रे म्हाराजा!"

कुणाला कशाचा पत्ता नव्हता. तरी सगळं अंगण एका सुरात गरजलं, "होय म्हाराजा!"