तीनशे बारा झाडांची हजेरी

माझ्या वडिलांना कोणी वनरक्षक म्हणत नसे. ‘फौजदार’ म्हणत, आणि तेही त्यांची पाठ वळल्यावर. टेकडीमागच्या रानाची राखण त्यांच्याकडे होती. ऐन, जांभूळ, बेहडा, उंबर, सगळी आपली आपण उगवलेली झाडं. त्यांच्यावर बाबांचा फार जीव. “असलं रान लावता येत नाही,” ते म्हणायचे, “फक्त तोडता येतं.” आणि तोडणारा त्यांना ज्याच्या त्याच्यात दिसायचा. शाळेतले मास्तर संध्याकाळी फिरायला आले, की ते हवा खायला नाही, खोडं हेरायला आले असं बाबांचं ठाम मत.

नोकरी लागली त्या वर्षीच त्यांनी तीनशे बारा झाडांना पत्र्याचे नंबर बांधले होते. खिळ्यानं झाडाला जखम होते, म्हणून तार वापरली. चोराला ओढून काढता येऊ नये, म्हणून ती घट्ट आवळली. मग रोज हजेरी. नंबर वाचायचा, वहीत खूण करायची, पुढचं झाड.

पंधराव्या वर्षी झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. एका वर्षात नऊ गेली. कुऱ्हाडीचा घाव नाही, आगीची खूण नाही. बाबांची झोप उडाली. “कोणीतरी मुळाशी विष ओततंय,” ते म्हणाले, आणि त्यांची नजर मामावर गेली.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. तो लाकूड गिरणीत करवतीवर कामाला होता, आणि वाळलेली झाडं वनखातं त्याच गिरणीला विकायचं. बाबांना एवढं पुरे झालं. एकदा मामा घरी आला तर त्यांनी दारातच त्याची पिशवी उलटी केली. आत एक बाटली.

“हे काय?”

“ताईच्या गुडघ्यांचं तेल आहे, भाऊजी.”

बाबांनी त्यातलं थोडं कुंडीतल्या रोपाला घातलं आणि दोन दिवस वाट बघितली. रोप मेलं नाही, म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला. मामाचं येणं बंद झालं. खरं सांगते, मीही तेव्हा मामा रस्त्यात दिसला की त्याच्या हातांकडे बघायचे. हा रोग घरात एकाला झाला की सगळ्यांना लागतो.

शेवटी खात्यानं अहवाल मागितला. ‘संशयित’ या रकान्यात बाबांनी मामाचं नाव लिहिलं. रविवारी सकाळी आईनं तो कागद वाचला.

“अहो, उद्या हे गेलं तर त्याची नोकरी जाईल. पोलीस नेतील त्याला. माझा भाऊ आहे तो!”

“चोरांना बहिणी नसतात का?” बाबा म्हणाले. आईनं कागद टेबलावर आपटला.

दुपारी मामाच आला. उजव्या हाताला पट्टी, काखेत ओंडक्याची एक चकती. ती त्यानं टेबलावर ठेवली.

“करवतीचं पातं तुटलं, भाऊजी. आत काय होतं ते बघा.”

लाकडाच्या पोटात तारेचं कडं रुतलं होतं. झाड वाढत गेलं होतं, तार वाढली नव्हती. जी झाडं जोमानं वाढली, त्यांचाच गळा आधी आवळला गेला होता. पत्रा बाहेर लोंबत राहिला, तार सालीनं गिळली, आणि बाबा पंधरा वर्षं नंबर वाचत राहिले. खोडाकडे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. तारेला उलटा पीळ होता. बाबा डावखुरे.

ते बराच वेळ त्या पिळावर बोट फिरवत बसले. मग कागद ओढून त्यांनी मामाचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.

“पेन्शन जाईल हो,” आई हळूच म्हणाली.

“जाऊ दे.” ते मामाकडे वळले. “मी तुझ्याशी फार वाईट वागलो.”

“ते नंतर बघू,” मामा म्हणाला. “अजून तीनशे तीन झाडांना तार आहे. घरात पकडी किती आहेत?”

दोन निघाल्या. तिसरी मागायला बाबा स्वतः शेजारी गेले. अशाच एका संशयापायी त्या घराची पायरी ते आठ वर्षांत चढले नव्हते.